नांदूर मध्यमेश्वरला पहिल्यांदाच पक्षी बघायला जाताना

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे एकमेकींना मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ त्या बंधाऱ्यामागे साचत आला. साठा घटत गेला, गाळाची बेटं वर आली, त्यांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला, आणि घोट्यापासून कमरेपर्यंत सगळ्या खोलीचं पाणी असलेली विस्तीर्ण दलदल तयार झाली. १९८६ साली हा भाग अभयारण्य झाला. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तो जाहीर झाला. राजस्थानातल्या भरतपूरच्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी याला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं होतं, असं या भागात कुणीही सांगेल.

दर हिवाळ्यात इथे नवी माणसं येतात आणि त्यांतली बरीच दोन तासांत कंटाळतात. पुस्तकातलं चित्र उघडायचं आणि समोरच्या पक्ष्याचा रंग त्याच्याशी जुळवायचा, अशी त्यांची सुरुवात असते. दलदलीत ते चालत नाही. पक्षी दोनशे-तीनशे मीटरवर असतात, पहाटे धुकं असतं, नंतर पाण्यावरून ऊन डोळ्यांत येतं आणि सगळीच बदकं काळी दिसायला लागतात. माझं नवख्यांना कळकळीचं सांगणं आहे की रंग शेवटी बघा. पक्षी किती खोल पाण्यात आहे आणि तिथे काय करतोय, हे आधी बघा. ही सवय लागली, तर पहिल्याच सकाळी पंधरा-वीस पक्षी तुमचे तुम्हाला वेगळे करता येतील. खाली जे सांगतोय ते बरंचसं ही सवय लागावी म्हणूनच.

१. महिना आणि वेळ ठरवा

पाहुणे एकदम येत नाहीत. धोबी आणि तुतारीसारखे छोटे पक्षी पाऊस ओसरायच्या आधीच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काठावर दिसू लागतात. बदकांत भुवई बदक सगळ्यांच्या आधी पोचतं. बाकीची बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थव्याथव्याने उतरतात आणि मार्चपर्यंत राहतात. मध्य आशिया आणि सायबेरियातली तळी गोठली की तिथे खायलाच काही उरत नाही, म्हणून हा सगळा प्रवास.

पहिल्यांदा जाणार असाल तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरा. त्याला एक ठोस कारण आहे. विणीनंतर नर बदकांची पिसं झडतात आणि काही महिने नर जवळपास मादीसारखे तपकिरी, मळकट दिसतात. ऑक्टोबरमध्ये इथे उतरणाऱ्या थव्यांत असे बरेच नर असतात, आणि त्या वेळी मुरलेल्या पक्षीनिरीक्षकालाही दुर्बीण पुन्हा पुन्हा लावावी लागते. डिसेंबरपर्यंत बहुतेक नरांचे रंग परत येतात आणि ओळख कितीतरी सोपी होते.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं किंवा कालव्यांची आवर्तनं सुरू असली की इथली पातळी बदलते. पाणी चढलं की काठचा ओला गाळ बुडतो आणि चिखलात चोच खुपसून खाणारे सगळे छोटे पक्षी दुसरीकडे जातात. बदकांना त्याचा एवढा फरक पडत नाही. पाणी सोडल्याची बातमी पेपरात वाचली असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकला, किंवा फक्त बदकं बघायची तयारी ठेवून जा.

जानेवारीत इथे सूर्य साधारण सात-सव्वासातला उगवतो. त्याआधी वीस मिनिटं जागेवर असावं. साडेसात ते दहा हा सगळ्यात चांगला वेळ. दुपारी बारा ते तीन पक्षी विसावलेले असतात आणि तापलेल्या हवेमुळे लांबचं सगळं थरथरतं, त्या वेळी दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. चार वाजता पुन्हा हालचाल सुरू होते. संध्याकाळी भोरड्यांचे थवे रात्रीच्या मुक्कामाला पाणकणसात आणि उसात उतरतात तेव्हा आकाशात त्यांचं जे वळणं-वाकणं चालतं, त्यासाठी एक संध्याकाळ वेगळी काढावी असं मी प्रत्येकाला सांगतो.

शक्य असेल तर रविवार टाळा. नाताळच्या सुट्टीतली गर्दी तर नकोच.

२. सामान: दुर्बिणीत कंजुषी नको, बाकी सगळ्यात चालेल

निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदींवरून. त्याच तालुक्यात, तेही उघड्या पाण्याकाठी, तुम्ही पहाटे दोन-तीन तास जवळपास न हलता उभे राहणार आहात. स्वेटरवर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी आणि बोटं मोकळी राहतील असे हातमोजे घ्या. रंग खाकी, मेंदी, मातकट असावेत. पांढरा शर्ट किंवा लाल जॅकेट दलदलीत फार लांबून उठून दिसतं. पायात जुने बूट, कारण चिखल लागणारच. नऊनंतर ऊन चढतं, तेव्हा टोपी आणि पाणी लागेल. आणि काहीतरी पोटभरीचं जवळ ठेवा. भुकेल्या माणसाचं लक्ष टिकत नाही.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला आकडा ती किती पट मोठं दाखवते तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवख्यांनी ८×४२ घ्यावी. दुकानदार १०×५० किंवा त्याहून मोठी दाखवेल आणि जास्त पट म्हणजे जास्त चांगलं असं सांगेल. हातात धरून बघताना दहा पटीत हाताची थरथरही दहा पट दिसते आणि एका वेळी दिसणारा भागही सहसा कमी होतो. थव्यातला एक पक्षी शोधायचा असतो तेव्हा हा मोठा भागच कामाला येतो. ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधुक उजेडातही बऱ्यापैकी दिसतं. खेळण्यातल्या छोट्या दुर्बिणी इथे उपयोगाच्या नाहीत. विकत घ्यायच्या आधी दोन-तीन वेळा कुणाची तरी मागून नेली तर उत्तम.

दुर्बीण घरीच लावून घ्या. आधी दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावा डोळा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवा आणि तीच पाटी उजव्या डोळ्याने स्पष्ट करा. ही कडी एकदा बसली की पुन्हा हलवायची नाही. पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा आत दाबून किंवा फिरवून खाली घ्या आणि चष्मा लावूनच बघा. ‘मला दुर्बिणीतून काही दिसतच नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ही कडी कधी फिरवलेलीच नसते.

आणखी एक सराव करा. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली दुर्बिणीकडे बघून मग वर केलीत की पक्षी हरवला. गच्चीवरून कावळ्यांवर दोन दिवस हा सराव केला तरी पुरे.

मोबाइलमध्ये पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन हे ॲप घेऊन ठेवा आणि भारतातल्या पक्ष्यांची माहिती घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा. काठावर नेटवर्कचा भरवसा नाही.

३. पोचा, आणि एका जागी थांबा

नाशिकहून हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना निफाड स्टेशन जवळ पडतं, तिथून पुढे गाडी करावी लागते. वनखात्याचं केंद्र आणि निरीक्षण मनोरे चापडगावच्या बाजूला आहेत. प्रवेशाची पावती तिथेच घ्या. गावातले तरुण तिथे गाइड म्हणून काम करतात. पहिल्या खेपेला त्यांच्यातलं कुणीतरी जरूर सोबत घ्या. आज कुठला थवा कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि तुमचा एक तास वाचतो. शिवाय या पैशामुळे गावाला पक्षी टिकण्यात रस राहतो. माझ्या मते ही गोष्ट कुठल्याही फलकापेक्षा जास्त काम करते.

काठावर मासेमारी करणारे आणि मळ्यात पाणी भरणारे लोक भेटतील. ‘काका, आज बदकं कुठल्या अंगाला आहेत?’ एवढं विचारलंत तरी भरपूर माहिती मिळते. आसपास द्राक्षबागा, कांदा, ऊस आहे. पायवाट सोडून बागेत शिरू नका, फवारणी झालेली असते आणि माल लोकांच्या कष्टाचा असतो.

उभं राहायची जागा निवडताना सूर्य पाठीशी घ्या. सकाळी पूर्वेला पाठ, संध्याकाळी पश्चिमेला. एवढ्याने निम्मी ओळख सोपी होते. मागे झाड किंवा बांध असेल तर तुमची आकृती आकाशावर उमटत नाही. मग तिथून हलू नका, किमान पाऊण तास. तुम्ही आल्यावर जवळचे पक्षी थोडे सरकतात, दहा-पंधरा मिनिटांत परत येतात, आणि अर्ध्या तासाने तुम्ही त्यांच्या हिशेबातच राहत नाही. फिरत राहणाऱ्या माणसाला सगळ्या पक्ष्यांच्या फक्त पाठी दिसतात.

४. काठापासून आत, पाण्याच्या खोलीने बघत जा

आता खरं काम. दुर्बीण आधी जवळच्या चिखलावर लावा आणि सावकाश आत-आत न्या. प्रत्येक पट्ट्यात वेगळी मंडळी जेवत असतात, कारण ज्याचे पाय जेवढे लांब तेवढ्या पाण्यात तो उभा राहू शकतो आणि ज्याची चोच जशी तसं त्याचं खाणं.

ओला चिखल, पाणी जेमतेम. इथे धोबी शेपटी वरखाली करत पळतात. पांढरा, पिवळा आणि पिवळ्या डोक्याचा असे तीन धोबी हिवाळ्यात सापडतात. छोटा कंठेरी चिखल्या चार पावलं तुरूतुरू पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो. तुतारी मात्र चालतच असते. तिच्यातल्या तिघी नवख्यांना गोंधळात टाकतात, पण त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत. सामान्य तुतारी काठावर किंवा दगडावर एकटी असते, सारखा मागचा भाग हलवते आणि उडाली की ताठ, खाली वाकवलेल्या पंखांनी पाण्याला लगटून जाते. पांढऱ्या छातीचा एक तुकडा खांद्याजवळ वर चढलेला दिसतो. ठिपकेवाली तुतारी उथळ पाण्यात दोघी-चौघींनी दिसते, पाठीवर स्पष्ट ठिपके आणि डोळ्यावर पांढरी भुवई असते. हिरवी तुतारी गडद पाठीची, बहुतेक एकटी, जरा बुजरी; उडाली की कमरेवरचा पांढरा भाग लख्ख दिसतो. पाणलावा याच चिखलात गवताच्या कडेला दबून बसलेला असतो. तो दिसायला चिकाटी लागते.

घोटाभर ते वीतभर पाणी. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या इथला राजा. तो तुम्हाला लगेच ओळखू येईल. त्याला मोजपट्टी म्हणून वापरा. त्याच्या शेजारी, तेवढ्याच पाण्यात, तपकिरी-राखाडी अंगाचा आणि लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसणारा थवा दिसला तर तो काळ्या शेपटीचा पाणटिवळा असण्याची शक्यता खूप. उडाल्यावर पंखावरचा पांढरा पट्टा आणि शेपटीचं काळं टोक बघून खात्री करा.

गुडघाभर पाणी. इथे मोठे पक्षी असतात. राखी बगळा पुतळ्यासारखा उभा राहून वाट बघतो. चमचा मात्र चालत-चालत अर्धवट उघडी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो, आणि चोचीला काही लागलं की ती मिटतो. ओळीने सात-आठ चमचे एकाच दिशेने असे पाणी ढवळत निघाले की दुर्बीण खाली ठेववत नाही. चित्रबलाक चोच उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि एक पाय हलवून तळ ढवळतो, मासा हलला की झालं. तिघे एकाच पाण्यात, पण मासा पकडायची तिघांची तऱ्हा वेगळी. रंग न दिसताही, नुसत्या काळ्या आकृतीवरून, तुम्ही त्यांना सांगू शकाल.

तरंगती पानं आणि पाणवेली. कमळपक्षी लांब बोटांमुळे पानांवरून चालत जातो. हिवाळ्यात लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटी झडलेली असते हे लक्षात ठेवा, नाहीतर तो सापडणारच नाही. त्याच्या मानेच्या कडेला पिवळसर झाक आणि छातीवर गडद पट्टा राहतो.

पाणकणीस आणि लव्हाळा. इथे जांभळी पाणकोंबडी बघा, आणि घाई करू नका. ती एक कोवळा दांडा निवडते, चोचीने बुडापासून ओढून काढते, मग लांबलचक बोटांच्या मुठीत धरून तोंडाजवळ नेते आणि सोलत-सोलत आतला मऊ गाभा खाते. उरलेलं टाकून पुढचा दांडा. तिच्या पायाशी पडलेल्या पांढऱ्या सालींवरून ती तिथे किती वेळ बसली होती हे कळतं. याच पट्ट्याच्या बुडाशी, पाण्याच्या कडेला, निळा-केशरी गळा असलेला छोटा शंकर पक्षी क्षणभर बाहेर येऊन आत जातो. तो सायबेरियापर्यंतच्या भागातून आलेला पाहुणा. आणि वाळक्या काटकीच्या टोकावर ताठ बसलेला असतो तो गप्पीदास.

उघडं, खोल पाणी. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे थवे, पांढऱ्या कपाळाचे. टिबुकली, जी तुम्ही बघत असतानाच बुडी मारते आणि भलतीकडे वर येते. पाणकावळे. आणि बदकं.

५. बदकं: शेपटी वर की अख्खं बदक पाण्याखाली?

बदकांकडे वळलात की नावं बाजूला ठेवा. एक बदक निवडा आणि ते खातं कसं ते पाच मिनिटं बघा. काही बदकं डोकं पाण्यात घालून शेपटी आकाशाकडे करतात, म्हणजे तळ त्यांच्या मानेच्या आवाक्यात असतो. काही बदकं पूर्ण बुडी मारतात. बुडी मारणाऱ्यांचे पाय अंगाच्या मागच्या बाजूला असतात. त्यामुळे पोहायला जोर मिळतो, पण उडताना त्यांना पाण्यावर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. शेपटी वर करणारी बदकं जागेवरूनच सरळ वर उठतात. छोटी आणि मोठी लालसरी बुडी मारणाऱ्यांतल्या. बाकी इथली बहुतेक बदकं पहिल्या गटातली.

त्या पहिल्या गटात सुरुवात थापट्यापासून करा. चोच पुढे फावड्यासारखी रुंद, डोक्यापेक्षा जड वाटावी इतकी. ती चोच पाण्याला टेकवून तो पुढे-पुढे पोहत राहतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळून किडे-बिया ठेवून घेतो. कधी कधी दहा-बारा थापटे एकामागे एक गोल-गोल फिरतात. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं मागचा गाळतो. नर असेल तर गडद हिरवं डोकं, पांढरी छाती, विटकरी कूस. मादी तपकिरी, पण चोच तीच, त्यामुळे मादीही चुकत नाही.

तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार. नराच्या चॉकलेटी डोक्यावरून मानेच्या कडेने एक पांढरी रेघ वर चढते. लांब मानेमुळे ते इतरांपेक्षा जरा खोल पाण्यात शेपटी वर करून खाऊ शकतं. भुवई बदकाच्या नराची रुंद पांढरी भुवई फार लांबून दिसते. चक्रांग या सगळ्यांत छोटं. नराचं डोकं विटकरी, डोळ्यावरून हिरवा पट्टा, आणि शेपटीच्या बाजूला फिकट पिवळा तिकोनी ठिपका. तरंग बदक पाण्याबाहेर येऊन गायीगुरांसारखं गवत खातं आणि त्याची शीळ ऐकू येते. कपाळ लोण्याच्या रंगाचं. हळदी-कुंकू बदक मात्र आपलंच, बाराही महिने इथे राहणारं. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके.

चक्रवाक बदकांपेक्षा मोठा, नारिंगी-तांबूस रंगाचा, जोडीने काठावर उभा. संस्कृत काव्यातली रात्री ताटातूट होणारी जोडी ती हीच. लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी हे पक्षी वीण करतात. नशीब असेल तर पट्टकादंबही दिसेल, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा.

माद्यांनी घाबरून जाऊ नका. सगळ्या तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या. पहिल्या हिवाळ्यात माद्यांची नावं शोधत बसू नका; त्या कुठल्या नरांबरोबर आहेत आणि चोच कशी आहे एवढं टिपा.

थवा मोजायचा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठेवा, आणि तेवढ्या जागा पुढे मोजत जा. फार मोठ्या थव्याला पन्नासांचा गठ्ठा धरा.

६. सगळा थवा एकदम उठला तर वर बघा

शांत बसलेली शेकडो बदकं अचानक उठली आणि आसपास माणूस नसेल, तर शिकारी पक्षी आलाय. बहुतेक वेळा तो दलदल भोवत्या असतो. पाणकणसावरून अगदी खालून, पंख उथळ इंग्रजी व्हीसारखे धरून, सावकाश तरंगत येतो आणि थकलेला, जखमी पक्षी शोधतो. मासेखाऊ कैकर मात्र उंचावरून पाय पुढे करून पाण्यात झेपावतो. त्याला बदकं सहसा भीत नाहीत. म्हणजे थव्याच्या वागण्यावरूनही वर कोण आलंय ते कळतं. बदकं गप्प बसलेली आणि वर मोठा पक्षी घिरट्या घालतोय, तर कैकर किंवा घार. पाणी खळबळलं तर भोवत्या किंवा गरुड.

७. वही

फोटो काढायला हरकत नाही, पण त्याआधी वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, हवा, पाण्याची पातळी. अनोळखी पक्षी असेल तर आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडून बघा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्यापेक्षा मोठा. मग पाय, चोच, किती पाण्यात, काय करत होता. जमेल तसं वेडंवाकडं चित्र काढा, त्यावर बाणांनी रंग लिहा. हे सगळं पक्षी समोर असतानाच करायचं, पुस्तक नंतर उघडायचं. आधी पुस्तक उघडलं की माणसाला चित्रातलंच दिसायला लागतं.

घरी आल्यावर ही यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येते. तुमच्या नोंदी तारखेनिशी जपल्या जातात आणि अभ्यासकांनाही त्या उपयोगी पडतात. दिसलेले सगळे पक्षी भरा, साधे कावळे-साळुंक्यासुद्धा.

एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडी किंवा मानेत क्रमांकाची पट्टी दिसली तर रंग, अक्षरं-आकडे आणि कडी डाव्या पायात की उजव्या ते टिपा, फोटो घ्या आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला (बीएनएचएस) कळवा. असे पक्षी कुठून आले ते अशाच नोंदींवरून कळतं.

८. काय करायचं नाही

थवा उडवायचा नाही. उडत्या बदकांचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे लोक मी बघितले आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे चरबी साठवायला बसलेला असतो, मार्चमध्ये त्याला तोच प्रवास उलटा करायचा असतो. दर वेळी उठवलं की त्यातलं थोडं खर्च होतं. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, तर तुम्ही जास्त जवळ आला आहात. दोन पावलं मागे या.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बाहेर बोलावू नका. अभयारण्यात ड्रोन उडवू नका, त्याला मनाई आहे. ओल्या गाळात आत चालत जाऊ नका, वरून सुकलेला वाटणारा गाळ मांडीपर्यंत ओढतो. लहान मुलं सोबत असतील तर त्यांचा हात सोडू नका. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात न लावता वनखात्याच्या माणसाला सांगा, बर्ड फ्लूची भीती खरी असते.

९. पुढच्या खेपा

महिन्यातून एकदा याच जागी, याच वेळी या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा चार याद्या शेजारी ठेवल्या की कोण केव्हा निघालं ते आपोआप कळतं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात ठिकठिकाणी पक्षीनिरीक्षण ठेवलेलं असतं, त्यात सामील व्हायला नवख्यांना कुणी नाही म्हणत नाही. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. दोन-तीन खेपा झाल्या की एखाद्या मोजणाऱ्या गटाबरोबर जा, वही धरायचं काम मागून घ्या. २ फेब्रुवारी हा पाणथळ दिवस, त्या सुमारासही कार्यक्रम असतात.

नाशिकपासून लांब राहत असाल तर याच पद्धतीने जवळची जागा धरा. पुण्याच्या लोकांना लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेवर कवडी पाट आहे; पाणी घाण आहे, तरी हिवाळ्यात तुतारी, धोबी आणि बदकं भरपूर. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला सगळे जातात. तिथे नावेतून जाताना नावाड्याला ‘थव्यात घालू नका, लांबूनच दाखवा’ असं आधी स्पष्ट सांगा. मराठवाड्यात जायकवाडीचा नाथसागर, गोव्यात कुडचडेजवळचं नंदा तळं, जे २०२२ मध्ये रामसर यादीत आलं. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर तालुक्यातला एखादा गाळाने भरलेला जुना पाझर तलाव किंवा कोल्हापुरी बंधारा शोधा. काठाला चिखल आणि मध्ये थोडं पाणकणीस असेल, तर डिसेंबरात तिथेही धोबी, तुतारी आणि दोन-चार चक्रांग सापडण्याची चांगली शक्यता असते.